तिला माझी आठवण येती का?

कोल्हापुरात आम्हा वकिलांना घटस्फोट न भांडता, सामोपचारानं कसा मिटवावा, याचं प्रशिक्षण होतं. सरावात मी बायको झाले आणि पांढऱ्या मिशांचे एक अनोळखी वकील नवरा.

"मुलगी माझ्याकडंच राहील," मी म्हणाले.

ते सवयीनं ताडकन उठले, आवाज चढवला आणि मधेच थांबले. खाली बसून त्यांनी हळूच विचारलं, "तिला माझी आठवण येती का?"

मग नवऱ्याची भूमिका सोडून ते माझ्याकडं वळले.

"आयुष्यभर घटस्फोट लढवले, मॅडम. पण हे कुठल्या बापाला इचारूच दिलं न्हाई की."

चहाच्या सुट्टीत ते व्हरांड्यात घटस्फोटाच्या एका चालू खटल्यातल्या विरोधी वकिलाशी फोनवर बोलत होते. "उद्या तुमच्या बाईंना घेऊन या. माझा पक्षकारबी येतोय. दोघांना बोलू द्या. आपण गप बसू."