काकू पहिल्यांदा श्रीमंत झाल्या

पुणतांब्यात आमच्या शाळेमागं एक काकू राहतात. ऐंशी गायींचा गोठा, दोन गाड्या, तीन मजली घर. तरी कुणी काही म्हणालं की पाटल्या पदराखाली सारत म्हणायच्या, "आपलं काय, पोटापुरतं हाय." त्यांना ते मनापासून खरं वाटायचं, कारण नजर कायम कारखानदारांच्या बंगल्यांवर. गाव मात्र त्यांना चिक्कू म्हणायचं.

यंदा आमच्या मुलींचा कबड्डी संघ राज्यस्पर्धेत पोहोचला. पालकसभेत प्रवासखर्चाचा विषय निघाला आणि सगळ्यांच्या माना काकूंकडं वळल्या. त्यांनी सवयीनं तेच पालुपद सुरू केलं, तशी मागून एक आजी ओरडली, "अगं, तुजं पोट हाय का धान्याची कनगी?"

सभा खो खो हसली. काकू लालबुंद होऊन उठल्या. वाटलं, आता या निघून जाणार. पण त्या स्वतःच हसत सुटल्या.

"व्हय, हाय मी श्रीमंत! पोरींना एसी गाडीनं धाडा, पैसं मी देते!"

दाराशी उभ्या संघातल्या मुलींनी एकच कल्ला केला. त्या गोंगाटात खाली बसत काकूंनी माझा हात घट्ट धरला.

"बाई, लई मोठ्यानं बोल्ले का वो मी?"

"आणखी मोठ्यानं बोला," मी म्हणाले.