बिजागरीला झटका बसू नये

आमच्या मालेगावच्या ज्युनिअर कॉलेजात किस्से साठतात ते स्टाफरूममधल्या चहाच्या कपांसारखे. कुणी धूत नाही, कुणी फेकतही नाही! त्यातले निम्मे एकाच फळीचे आहेत.

फळी वंदनाची. वंदना म्हणजे फिजिक्सची मॅडम आणि माझी बायको. प्रयोगशाळेत आतल्या खोलीला दार नव्हतं. चौकटीवरच्या सिमेंटच्या आडव्या पट्टीला, म्हणजे लिंटेलला, बिजागरी ठोकून तिने तिथे एक लांब फळी टांगली. काळ्या मातीचा गोळा मारायचा, तो चिकटायचा, फळी झुलायची.

"संवेग कायम राह्यला का?"

"हो मॅडम!"

"मंग वरतं बिजागरी काय करून राह्यली? झोपली का? तेही फळीले ढकलते! म्हणून बिजागरीभोवतीचा कोनीय संवेग मोजा."

*

"आन् ऊर्जा? ते कुठं गेली?"

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, गोळा चपटा झाला त्याच्यात थोडी गेली, आवाजात थोडी. बाकीची इंगोले सरच्या शर्टावर!"

केमिस्ट्रीचे इंगोले सर पांढऱ्या शर्टात फळीमागे उभे होते.

*

तासाची तालीम घरी व्हायची. कणकेचा गोळा, स्वयंपाकघराचं दार. बिजागरीजवळ मारला की दार ढिम्म, कडेला मारला की फिरायचं.

"पोळ्या?" मी विचारलं.

"तुमच्या वाटच्या दाराले चिकटल्या!"

*

स्टाफची क्रिकेट मॅच. चेंडू बॅटच्या मुठीजवळ लागला आणि इंगोले सर हात झटकत नाचले.

वंदना ओरडली, "सर, तुमचा हात म्हणजे बिजागरी! चेंडू बरोबर जागी घ्या, झटका बसत नाही!"

पुढच्या चेंडूवर दांडी उडाली. सर तिथूनच म्हणाले, "खरंच नाही बसला, मॅडम!"

ती बिनझटक्याची जागा तिने फळीवरही खडूने आखली होती. फळीचे तीन सारखे भाग करून, वरचे दोन सोडून, तिसरा सुरू होतो तिथे.

*

वंदना उन्हाळ्यात वारली. नवे सर अजून आले नाहीत. पोरांनी स्वतःच फळीवर गोळे मारून पाहिले, तर लिंटेलचं प्लास्टर पडू लागलं. प्राचार्य म्हणाले, "आता प्लास्टरचा एक ढेपला जरी पडला, तर फळी भंगारात!"

पोरं माझ्याकडे आली. "सर, मॅडमचा तो तास तुमी घ्या न."

मी मराठीचा मास्तर. पण तास पाठ होता.

प्राचार्य स्वतः येऊन, पडेल ते प्लास्टर झेलायला लिंटेलखाली तळहात धरून उभे राहिले. इंगोले सर लांब सरकले. "मराठीवाल्याचा नेम हाये, बाप्पा!"

खडूची रेघ अजून होती. मी गोळा मारला.

फळी लांबवर झुलली, परत आली. बिजागरी वाजली नाही. प्राचार्यांनी तळहात पाहिला, उलटा करून पुन्हा पाहिला. कोरा! मग त्यांनी बाही वर केली.

"गोळा द्या इकडं."

त्यांचा गोळा थेट बिजागरीखाली बसला. हा एवढा ढेपला त्यांच्याच पायाशी येऊन पडला!

प्राचार्यांनी वर पाहिलं, रेघेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

शिपायाला म्हणाले, "काय पाहून राह्यला? सिमेंट आन!"