आत्याबाईंना बेस ऐकवणे

फेब्रुवारीतला तिसरा रविवार. अक्कलकोट रोडवरचं मंगल कार्यालय, सकाळची वेळ.

हजर: मी (बेस गिटार), आमचा ड्रमर, कीबोर्डवाले काका, गायक (घसा बसलेला, पण आलेले), साउंडवाले, माझा नवरा (स्पीकरची पेटी उचलणे आणि मत देणे). यायच्या होत्या: आत्याबाई, म्हणजे नवऱ्याच्या सख्ख्या आत्या, त्या दिवशीच्या सत्कारमूर्ती. त्यांना आणायला करकंबला गाडी गेली होती. गैरहजर: माझे धाकटे दीर, सूत्रसंचालक. त्यांचं जाकीट इस्त्रीला होतं.

मी कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात बेस वाजवते. दोन्ही कामं नीट झाली तर कुणाच्या लक्षात येत नाहीत. एरवी माझी याबद्दल तक्रार नसते. आत्याबाईंच्या बाबतीत होती. घरातल्या तीन लग्नांत आणि एका बारशात त्यांनी मला वाजवताना पाहिलं होतं. पाहिलं होतं, ऐकलं नव्हतं. त्यांचं मत असं होतं की सूनबाईच्या वाद्याला चारच तारा आहेत आणि त्याही मुक्या. स्टेज रिकामं दिसू नये म्हणून कुंडी ठेवतात तशी मला ठेवलेली आहे. हे त्यांनी सगळ्या गोतावळ्यात पोचवलं होतं. मी चहाचा ट्रे घेऊन गेले की कुणीतरी विचारायचं, "काय वहिनी, धरताय ना अजून ते?"

त्यामुळे भाच्यांनी आत्याबाईंची पंचाहत्तरी करायचं ठरवलं आणि गाणी आमच्याकडे आली, तेव्हा माझ्यापुरतं एकच काम मी त्या दिवसासाठी लिहून ठेवलं: आत्याबाईंना बेस ऐकवणे.

आता बेस ऐकू येत नसेल तर आवाज वाढवायचा, असं सगळ्यांना वाटतं. नव्या वाजवणाऱ्यांनाही वाटतं. मग हॉलभर नुसतं घूं घूं होतं आणि त्यात बेसही बुडतो, गायकही बुडतो. मी आधी आवाज कमी करते. खालचा जाड भाग थोडा कापते, मधला थोडा पुढे आणते आणि मग हॉलला विचारते, तुला किती सोसेल? हे माझ्या नवऱ्याला पटायला बरीच वर्षं लागली. कमीच करायचा तर पेटी एवढी जड कशाला, असं तो प्रत्येक जिन्यावर अजूनही विचारतो.

त्या हॉलला काहीच सोसत नव्हतं. वर पत्रा, खाली गुळगुळीत फरशी, भिंतींना ऑइलपेंट. मी स्टेजवर उभं राहून एक टाळी वाजवली. टाळी मागच्या भिंतीपर्यंत गेली, तिथं चहापाणी घेतलं आणि परत आली. स्टेज म्हणजे लोखंडी सांगाड्यावर टाकलेल्या फळ्या, आतून पोकळ, म्हणजे तो स्वतःच एक ढोल. पेटी त्यावर थेट ठेवली असती तर मी न वाजवताही वाजली असती.

मग मी एकेक सूर क्रमाने वाजवून पाहिला. हे मी कुठल्याही नव्या जागी करतेच. प्रत्येक हॉलचा एखादा सूर लाडका असतो, तो आला की हॉल अंगात आल्यासारखं करतो. इथं तो सूर वाजवला आणि स्वयंपाकघरातली सगळी स्टीलची ताटं एकदम झणझणली. आचारी हातात झारा घेऊन बाहेर आला आणि भांड्यांना कोण हात लावतंय म्हणून विचारू लागला. मी खात्रीसाठी पुन्हा वाजवला. तो पुन्हा आत धावला. दुर्दैवानं आमच्या गायकाची निम्मी गाणी नेमकी त्याच सुरावर उभी होती. मी त्यांना अर्धा सूर खाली यायची विनंती केली. घसा बसलेला असल्यानं त्यांना तेच हवं होतं, पण माझ्यावर उपकार केल्यासारखं त्यांनी ते मान्य केलं.

ताटांचं मिटलं. घुमणं राहिलंच. तेव्हा ड्रमर म्हणाला, "अक्का, चादरी लावू की."

ड्रमरच्या घरी माग आहेत. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि मला तो अक्का म्हणतो. व्यापाऱ्याला सोमवारी पाठवायच्या चादरींचा गठ्ठा घरी तयार होता. त्याच्या वडिलांनी तो दिला, पण अटी घातल्या: सोमवारी सकाळी परत, रश्शाचा डाग नको, आणि चादरीवर कुणी बसायचं नाही. आम्ही खिडक्यांच्या गजांना दोऱ्या बांधल्या आणि तिन्ही भिंतींवर चादरी टांगल्या. लाल, निळ्या, हिरव्या, मोरांच्या, कमळांच्या. उरलेली एक चारपदरी घडी करून पेटीखाली घातली. अटीत माणसांनी बसायचं नाही एवढंच होतं, पेटीबद्दल काही नव्हतं.

मी पुन्हा टाळी वाजवली. टाळी जागच्या जागी मेली.

मग लांब केबल लावून मी बेस वाजवत खुर्च्यांमधून फिरले, पार शेवटच्या रांगेपर्यंत. साउंडवाले माझ्या खुणेनुसार खालीवर करत होते. प्रत्येक सूर सुटा येत होता, मोकळा शिजलेल्या भातासारखा, शीत न् शीत वेगळं. जिथं सगळ्यात चांगलं ऐकू येत होतं ती दुसऱ्या रांगेतली खुर्ची मी हेरली आणि तिच्यावर माझी पर्स ठेवली. ती आत्याबाईंची जागा.

आत्याबाई आल्या. दारातच थांबून त्यांनी चारी बाजूंना पाहिलं.

"रुखवत लई मांडलंय गं," त्या म्हणाल्या. "कुनाचं लगीन हाय?"

मी हसले. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

पहिली दोन गाणी सुंदर झाली. आत्याबाई त्यांच्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि मागच्या रांगेतल्या भाचीशी वेळापूरच्या एका स्थळाबद्दल बोलत होत्या. मान वळवून, म्हणजे उजवा कान नेमका माझ्याकडे होता, पण त्यात स्थळच चाललं होतं. मी म्हटलं, ठीक आहे, अजून बरीच गाणी आहेत.

मग भाऊजी इस्त्रीच्या जाकिटात आले आणि त्यांनी माईक घेतला. भाऊजी हायस्कूलात शिक्षक आहेत. माईक एकदा घेतला की तो परत देण्याचा भाग त्यांना आवडत नाही. त्यांच्या पिशवीत पाच शाली होत्या, पाच ज्येष्ठांच्या सत्कारासाठी. पण आपल्याकडे पाच सत्कार कधी पाचावर थांबलेत? पाचव्याला शाल मिळाली तशी दुधनीच्या पाहुण्यांची खुर्ची कुरकुरली. दुधनीवाल्यांना द्यावं तर त्यांच्या व्याह्यांना कसं वगळणार? भाऊजींच्या पिशवीत आता फक्त नारळ उरले होते. त्यांनी नजर वर केली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आमच्या वहिनींचं नियोजन तुम्ही बघताच आहात," ते माईकवर म्हणाले. "सोलापूरची परंपरा जपत त्यांनी तिन्ही भिंतींवर सत्काराची सोय करून ठेवली आहे."

टाळ्या पडल्या. मोठ्या पडल्या, आणि जागच्या जागी मेल्या, कारण चादरी अजून होत्या. दोन भाचे डाव्या भिंतीकडे निघाले आणि गाठी सोडू लागले.

मी गळ्यात बेस घालून उभी होते. बेसवाल्याला माईक नसतो. मी नवऱ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. त्याला वाटलं, कौतुक झालं म्हणून पाहतेय. त्यानं हात हलवला.

ड्रमर मागून वाकला. "अक्का, तो आमचा माल हाय."

"माहीत आहे मला."

"मग सांगा की त्यांना."

"कसं सांगू? ते बघ, दुधनीवाल्यांच्या खांद्यावर गेलीसुद्धा."

खांद्यावर चादर आणि हातात नारळ घेऊन माणूस फोटोला उभा असताना, ती सोमवारी सकाळी परत हवी आहे, असं कोणत्या भाषेत सांगतात ते मला माहीत नाही. मराठीत तरी सोय नाही. कानडीत आहे का ते दुधनीवाल्यांनाच विचारावं लागलं असतं.

पुढच्या गाण्याला डावी भिंत उघडी होती आणि तिकडून घुमायला लागलं. मी जाड भाग आणखी कापला. मग जावयांचे सत्कार झाले आणि उजवी भिंत गेली. मी नवऱ्याचा रुमाल मागून घेतला आणि तारांच्या टोकाशी खाली कोंबला, म्हणजे सूर लांबत नाही, टप्पकन पडतो. मग भाऊजींना आठवलं की अन्नदाता विसरून चालणार नाही. आचाऱ्याचा सत्कार झाला, झाऱ्यासकट. मागची भिंत गेली. टाळी पुन्हा फिरायला जाऊ लागली. चार सूर वाजवायचे तिथं मी एकच वाजवत होते, तोही तळहातानं दाबून. ताटं आतून कुजबुजू लागली. एवढं सगळं करून आत्याबाईंना ऐकवायला माझ्याकडे काही उरलंच नव्हतं. मी खरोखरच कुंडी झाले होते.

खाली पत्र्याच्या उकाड्यात पहिल्या तीन रांगा मांडीवर चादरी घेऊन घाम पुसत होत्या. दुधनीचे पाहुणे तर ती पांघरूनच बसले होते, कारण फोटोवाला पुन्हा येतो म्हणाला होता.

शेवटी आत्याबाईंचा सत्कार. भाऊजी त्यांना हाताला धरून स्टेजवर घेऊन आले. आम्ही मागून एक संथ धून धरली. त्यांच्यासाठी आणलेली खास शाल त्या पाचांतलीच होती आणि भाऊजींनी ती मघाशी चुकून पाचव्या ज्येष्ठांना घातली होती. हे त्यांच्या आता लक्षात आलं. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. भिंती मोकळ्या. मग त्यांना माझ्या पेटीखालून डोकावणारा लाल काठ दिसला.

ते नवऱ्याच्या कानात काहीतरी बोलले. माझा नवरा पेटी उचलणारा माणूस आहे. त्याला पेटी उचल म्हटलं की तो उचलतो, का म्हणून विचारत नाही, फक्त किती जड आहे ते सांगतो. मी वाजवत असताना त्यानं मागून पेटी उचलली, भाऊजींनी खालून चादर ओढली, आणि चादरीबरोबर वायरही निघाली.

बेस बंद. बाकी सगळं चालू. धून चालली होती, कुणाचंही काही अडलं नव्हतं. भाऊजींनी चादर झटकली आणि आत्याबाईंच्या खांद्यावर घालायला हात उचलले.

"थांबा," आत्याबाई म्हणाल्या. "काय बंद पडलं?"

"काही नाही आत्या, सगळं चालू आहे."

"न्हाय. खालनं येत हुतं त्ये गेलं. पायातनं वर येत हुतं."

कीबोर्डवाले काका थांबले. मग गायकही गप्प झाले. भाऊजींच्या हातातला माईक चालूच होता, त्यामुळे पुढचं सगळ्या हॉलनं ऐकलं.

"सकाळपास्नं येतंय की," आत्याबाई म्हणाल्या. "मला वाटलं खालच्या अंगाला पिठाची गिरणी हाय. येळापूरच्या लग्नातबी हुती. बारशातबी हुती. मी म्हनायची, ही लोकं कार्य काढत्यात ती नेमकी गिरणीपाशीच का काढत्यात."

मी वायर उचलून खोचली. तारांखालचा रुमाल काढला. ताटांचा सूर सोडून त्याच्या शेजारचा एक सूर लांबवर धरला.

आत्याबाईंनी पायाकडे पाहिलं, मग पेटीकडे, मग तारेवरच्या माझ्या बोटाकडे. मी बोट उचललं. सूर गेला. पुन्हा ठेवलं. आला.

"ही गिरणी तुझी व्हय गं?"

"होय आत्याबाई. माझीच."

"मग इतकी वर्सं सांगायचं न्हाय व्हय?"

आत्याबाईंनी भाऊजींच्या हातातून चादर घेतली, तिची घडी केली, पेटीवर ठेवली आणि त्यावर बसल्या. भाऊजींनी खुर्ची पुढे केली. त्यांनी ती हातानंच मागे सारली. हितंच बरं वाटतंय, गुडघ्याला शेक मिळाल्यासारखं, म्हणाल्या. उरलेली सगळी गाणी त्यांनी पेटीवर बसून ऐकली. मधेच कुणी जवळ आलं की, हात लाव, हात लाव, असं सांगून पेटीला हात लावायला लावला. दुधनीवालेसुद्धा चादर सावरत येऊन हात लावून गेले. व्यावसायिक दृष्टीनं सांगायचं तर घुमणंही कमी झालं. चादर आणि आत्याबाई मिळून पेटीवर भार चांगला पडला. पुढच्या कार्यक्रमाला काय वापरायचं हा प्रश्न आहे, पण तो नंतरचा.

सोमवारी सकाळी चादरी परत गेल्या नाहीत हे सांगायला नकोच. ड्रमरच्या वडिलांनी व्यापाऱ्याकडून आठवड्याची मुदत मागून घेतली. मी गावं आणि आडनावं लावून मार्ग आखला आणि नवऱ्याला पाठवलं. कारणही मीच दिलं होतं: सत्काराच्या चादरीचा रंग कच्चा निघाला, बदलून दुसरी देतोय. दुसऱ्या मी बाजारातून, माझ्या पैशानं घेतल्या होत्या. लोक खूश झाले. एवढी काळजी कोण घेतं, म्हणाले. आचाऱ्यानं तर त्याला जेवू घालूनच पाठवलं. कच्च्या रंगाची बातमी आपल्या मालाबद्दल पसरली हे ड्रमरच्या वडिलांना अजून कळलेलं नाही. ते मी वेगळं हाताळणार आहे.

सगळ्या आल्या, एक सोडून. करकंबला नवरा गेला होता. चहा पिऊन, वांगी घेऊन परत आला. आत्याबाई म्हणे ती चादर अंथरूनच निजतात आणि आलेल्यागेलेल्याला सांगतात की आमच्या सूनबाईची गिरणी हिच्यावर चालत होती. रंगाचं कारण त्यांनी ऐकून घेतलं, चादरीचा कोपरा पाण्यात बुडवला, वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरावर घासला आणि धोतर त्याच्या पुढ्यात धरलं. रंग पक्का होता.

ड्रमर दर तालमीला विचारतो. मी दर तालमीला सांगते, आणते. आत्याबाईंची चादर आणणे हे काम बाकी आहे.