खडूताईंचे दोन डबे

खडूताईंना त्यांचं खरं नाव विचारलंत, तर आधी त्याच तुम्हाला विचारतील, "कशाला हवंय?" तेलाच्या बाटलीवर, दुधाच्या पातेल्यावर, बिस्किटांच्या बरणीवर, जिथे म्हणून काही कमी होऊ शकतं तिथे बाई खडूची रेघ मारून ठेवायच्या. गल्लीने नाव ठेवलं ते त्यावरून. नवरा म्हणायचा, "मी झोपेत कूस बदलतो म्हणून वाचलो, नाहीतर माझ्याभोवतीही रेघ मारली असतीस."

पण सूर्यफुलं पिकवावीत तर त्यांनीच! घरामागच्या जागेत दर दहा दिवसांनी एक वाफा पेरायच्या, म्हणजे फुलं एकदम न येता महिनोन्‌महिने येत राहतात. पाकळ्या नुकत्या उचलायला लागल्या की भल्या सकाळी देठ कापायचा, खालची पानं काढायची आणि फूल थेट बादलीत. बियाणं दोन जातींचं. वाफ्यांत बिनपरागाचं, कारण टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर पिवळी भुकटी सांडलेली फुलवाल्याच्या गिऱ्हाइकांना खपत नसे. परागाच्या फुलांची एकच ओळ, कुंपणालगत. का? तर पलीकडे राहणाऱ्या धाकट्या जावेच्या मधमाश्यांनी तिथेच रमावं, वाफ्यांत लुडबुड करू नये म्हणून. माश्यांवरसुद्धा विश्वास नाही, बोला आता!

ती जाऊ एकटी होती. बारा वर्षांपूर्वी आणलेल्या मधमाश्यांच्या सहा पेट्या हाच तिचा संसार. बोलायची कमी, आणि खडूताईंच्या मते कमी बोलणारी माणसं जास्त विचार करतात.

एके दिवशी फुलवाला सकाळी सकाळी दारात उभा राहिला. हातात त्यांचीच फुलं, परत आणलेली.

"ताई, ही काय भुकटी? लग्नाच्या हॉलवाल्याने मला चारचौघांत झापलं. आणखी एकदा असं झालं, तर मी फुलं दुसरीकडून घेईन."

खडूताई तडक मागे धावल्या. यंदाच्या पहिल्या वाफ्यातल्या फुलाला टिचकी मारली, तर बोटं पिवळीधमक. कुंपणाची ओळ पाहिली, तर ती स्वच्छ! म्हणजे बियाणं अदलाबदल झालं होतं. आपोआप होतं का असं? पेरणीच्या आधी त्या चार दिवस लेकीकडे गेल्या होत्या. नवराही बरोबर होता आणि घराची किल्ली होती जावेकडे, रोपांना पाणी घालायला. मनात पाल चुकचुकली. चुकचुकली कसली, ओरडायलाच लागली.

त्याच संध्याकाळी जाऊ मधाची बरणी घेऊन आली. "ताई, यंदाचा पहिला मध. तुमच्यासाठी," म्हणाली आणि कधी नव्हे ती हसली. डोळे जरा ओलेही होते तिचे.

बारा वर्षांत बोटाला लावायला मध दिला नाही, आणि आजच बरा आठवला! खडूताईंनी बरणी घेतली, दार लावलं आणि बरणीवर रेघ मारली.

"अगं, प्रेमाने दिलाय," नवरा म्हणाला.

"गप्प बसा तुम्ही. पाणी मुरतंय कुठेतरी."

दुसऱ्या दिवशी कुंपणाशी उभं राहून त्यांनी जावेला सुनावलं, "तुझ्या माश्यांचं पोट भरायला माझं बियाणं बदललंस? वर मध देऊन माझं तोंड बंद करतेस?"

 जावेच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मग म्हणाली, "पेट्या हलवते मी, ताई. ओळखीच्या एकांची बाग आहे लांब, तिकडे पाठवते." बस, एवढंच. ना भांडण, ना रडणं. खडूताईंना ते भांडणाहून जास्त झोंबलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या पुढच्या वाफ्यासाठी बियाण्याचे डबे काढायला बसल्या. 'बिनपरागाचं' अशी चिठ्ठी लावलेल्या डब्याचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेलं, अर्धवट पुसलेलं, त्यांच्याच हातचं: 'चिठ्ठी खोटी.'

 गेल्या हंगामाअखेर, कुणी बियाणं चोरलंच तर त्याला चुकीचं मिळावं, म्हणून चिठ्ठ्यांची अदलाबदल त्यांनी स्वतःच केली होती! करून विसरल्या होत्या. चोर आलाच नाही, फसल्या त्या एकट्याच.

खडूताई कुंपणाला वळसा घालून पोचल्या तेव्हा ऊन कलत होतं. टेम्पो दारात होता आणि जाऊ पेट्यांशेजारी पालथ्या बादलीवर बसली होती. माश्या घरी परतल्याशिवाय पेट्या बंद करता येत नाहीत.

"अजून तुमच्याच वाफ्यात आहेत," ती म्हणाली.

खडूताई खाली मातीतच बसल्या. "चिठ्ठ्या मी बदलल्या होत्या गं. मीच. तुझा काही संबंध नव्हता."

जावेने वाफ्याकडे बोट केलं. मग म्हणाली, "वाफा फुलला तेव्हा मला वाटलं, तुम्ही मुद्दाम पेरलाय. माझ्या माश्यांसाठी. म्हणून तर मध आणला होता."

 हो म्हटलं असतं तर? एका शब्दात सगळं गोड झालं असतं. शब्द खडूताईंच्या ओठांपर्यंत आलाही.

"नाही गं. चुकून पेरला गेला," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू आलं. "पण मुद्दाम पेरायला हवा होता. बारा वर्षांत एकदा तरी."

दोघी तशाच बसून राहिल्या. एकेक माशी येत होती, पेटीच्या फटीतून आत जात होती. शेवटची आत गेली. वाफा शांत झाला.

टेम्पोवाल्याने हॉर्न मारला. "बाई, चढवू का पेट्या?"

जाऊ उठली, कपडे झटकले. "आज नको. माश्या अजून यायच्यात."

शेवटची माशी आत गेलेली खडूताईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. इतकं धडधडीत खोटं त्यांच्यासमोर कुणी बोललं आणि त्यांनी चकार शब्द काढला नाही, असं जन्मात पहिल्यांदाच झालं.