आरशावरचा हार

नोकरीतल्या कितीतरी घटना विसरले, पण ही एक पुसू म्हटलं तरी मनातून पुसली जात नाही. तेव्हा मी हातकणंगल्याच्या बाजूला एका ठाण्यात सहायक निरीक्षक होते. खांद्यावर तिसरा स्टार नुकताच लागलेला. काळा गॉगल लावून मी सावलीतही फिरायची आणि उंबऱ्याला ठेचकाळायची. ट्रकच्या अपघाताची कारणं मला तोंडपाठ होती: दारू, झोप, वेग. चौथं कारण असू शकतं, हे काही त्या गॉगलमधून दिसत नव्हतं.

साखर कारखान्याच्या हंगामाचा पहिला दिवस होता. आमच्याकडे उसाची पहिली गाडी नवरीसारखी सजवतात. ज्याच्या शेतातला ऊस त्या गाडीत, त्याच्या घरी तो मान वर्षभर मिरवतात. तो सजवलेला ट्रक फाट्यावर डावीकडे वळला आणि त्याच शेतकऱ्याची सून मागच्या चाकाखाली आली. पूजेचं सामान घेऊन ती मोपेडवरून कारखान्याकडेच निघाली होती. जीव वाचला, पण पाय चिरडला.

ट्रकचा ड्रायव्हर पळाला नव्हता. रस्त्यात बसून तिच्या पायाला आपला टॉवेल बांधत होता. मी किती हुशार, पाहा. मनात म्हटलं, पळाला नाही, म्हणजे पळण्याइतकाही शुद्धीवर नाही! पण तपासणीत दारूचा वास नाही की अंश नाही. ब्रेकही ठीक निघाले. तरी सुनेच्या सासऱ्यांची फिर्याद ठाम होती: दारू पिऊन गाडी भरधाव हाकली. आणि हा गृहस्थ चौकशीत एवढंच म्हणायचा, "माझीच चूक हाय, मॅडम. लिवून घ्या." लायसन्स जाणार, तुरुंग होणार, हे त्याला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. बाईचा दबका आवाज.

"त्या गाडीच्या आरशावर हार हुता. त्यो कुठं गेला, ते इचारा की."

नाव विचारलं तर फोन बंद.

मी ट्रकच्या केबिनमध्ये चढले. चढले म्हणजे, माझा तोरा पहिल्याच पायरीवर अडकला आणि हवालदारांनी हात देऊन वर ओढलं. डाव्या आरशाच्या दांडीला तुटलेला दोरा होता, त्यात झेंडूच्या चुरगळलेल्या पाकळ्या. मग शेतातून गाडी निघताना झालेल्या पूजेचे फोटो मागवले. आरशावर मनगटाएवढा जाड हार, काच पार झाकलेली. आमच्या पंचनाम्याच्या फोटोत मात्र हार नाही. बाजारातून तसाच हार आणून आरशाला बांधला, मोटारसायकलसह एका शिपायाला डावीकडे मागच्या चाकाजवळ उभं केलं आणि पुन्हा सीटवर बसले.

"दिसतोय का मी, मॅडम?" तो ओरडला.

आवाज येत होता. माणूस दिसत नव्हता.

ड्रायव्हरला पुन्हा समोर बसवलं. "मामा, हार कुणी बांधला?"

"देवाचं काम. कुणीबी बांधतंय."

"आणि अपघातानंतर काढला कुणी?"

त्याने सहीसाठी कागद स्वतःकडे ओढला.

"अहो, तुरुंगात जाल."

"त्या घरावर आदीच आभाळ कोसळलंय. त्यात आनि म्या कुनाचं नाव घिऊ?"

तेवढ्यात दारातून आवाज आला, "त्याला काय इचारताय? माझं नाव लिवा!" जखमी सुनेची सासू होती ती. दवाखान्यात चालली होती, हातात डबा. आवाज मी ओळखला. फोनवरचाच.

"हार म्या बांधला. ह्यो म्हनला, काकी, आरसा झाकतोय, काढतो. म्या म्हटलं, देवाच्या कामाला निघालायस, हाराला हात लावलास तर बघ! मागच्या जीपमदी म्या हुते. पोरगी पडली तवा म्याच तोडून पदरात लपवला."

"मग फोनवर नाव का नाही सांगितलं?"

"आमचं मालक 'दारू, दारू' करत शेजारच्या खोलीत बसल्यालं. त्यास्नी काय सांगू, तुमच्या सुनंचा पाय म्या मोडला म्हनून?"

ती खाली बसली. आधी पाणी दिलं, मग जबाब घेतला. फिर्यादीतली दारू आणि वेग सासऱ्यांच्या पुरवणी जबाबात गळाले. निष्काळजीपणा राहिला, कारण आरसा झाकलेली गाडी हाकायला नको होती. पण कोर्टाने त्याला तुरुंगात पाठवलं नाही, लायसन्सही राहिलं.

पुढे असे खूप अपघात पाहिले. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे, भार एका अंगाला भरून वळणावर उलटणारे, बंद पडलेली ट्रॉली दिव्याविना रस्त्यात सोडून जाणारे. वाईट माणूस शोधायला निघायचे आणि बहुतेक वेळा सवय सापडायची. कधी श्रद्धाही.

आता नात स्कूटर चालवते, मी मागे बसते. पुढे ट्रक दिसला की तिच्या पाठीवर थाप मारते, "आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसतंय का? नाही ना? मग राहा मागं!" ती वैतागते, म्हणते, पोलिसांना सगळीकडे गुन्हेच दिसतात.

पण हे मला पोलीस खात्याने शिकवलेलं नाही. दवाखान्यात त्या सुनेचा जबाब घ्यायला गेले, तेव्हा विचारलं होतं, "बाई, एवढ्या धुडाच्या कडेनं पुढं का गेलीस?"

छताकडे बघत ती म्हणाली, "एवढा मोठा ट्रक मला दिसत हुता, मॅडम. मला वाटलं, मी बी त्याला दिसतीया."