भरती होऊ देऊ नको, एवढंच मागितलं होतं

मला आठवा महिना होता आणि मी मनातून फार घाबरले होते. हे कोणाला सांगितलं नव्हतं. अमरावतीत बांगड्यांचं दुकान मी स्वतःच्या हिमतीवर उभं केलं. घासाघीस करण्यात मला कोणी हरवत नाही, आणि आवाज चढवला की समोरचा गप्प बसतो. पण पहिल्या खेपेला दवाखान्यात भरती झाले, ती रिकाम्या हातांनी परत आले. तेव्हा माझा नवरा आत आलाच नाही. "बायकायच्या दवाखान्यात माणसाचं काय काम?" असं सासूबाई म्हणाल्या आणि तो फाटकाबाहेरच उभा राहिला. ते मी विसरले नाही. म्हणून या वेळी प्रत्येक तपासणीला मुद्दाम एकटी आत जात होते.

त्या दिवशी सकाळपासून डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. तपासणीआधी देवीच्या देवळात गेले. नवऱ्याला बाहेर गाडीजवळ थांबवलं. देवीशीही मी सौदाच केला. म्हटलं, 'आई, तुला सोन्याची नथ घालीन, पण मला भरती होऊ देऊ नको.' बाहेर पडताना झोक गेला. एका अनोळखी बाईनं दंड धरला.

"कोण आहे संगं?"

"कोणी नाही."

"मंग तो गाडीजवळचा माणूस तुयाकडंच काहून पाहून राहिला?"

तिनं मला हाताला धरून त्याच्यापाशी नेलं. "भाऊ, गाडी राखाले आला का तू? जाय इच्यासंगं आत," असं म्हणाली आणि गर्दीत निघून गेली.

दवाखान्यात पोचल्यावर तो खरंच माझ्याबरोबर आत आला. डोकं दुखतं का, डोळ्यांपुढं काही दिसतं का, असं डॉक्टरबाईंनी विचारलं. मी नाही म्हणाले.

"खोटं बोलून राहिली, मॅडम," नवरा खाली मान घालून म्हणाला. "काल गिऱ्हाइकानं हिरव्या बांगड्या मांगितल्या, इनं लाल भरल्या. रात्री भिंत धरून चालते."

"तुले कोणं इचारलं?" मी ओरडले.

तोवर दंडाला पट्टा बांधून झाला होता. रक्तदाब फार वाढला होता. तिथूनच भरती केलं.

पुन्हा तोच फिनाईलचा वास. ठोके ऐकायचं यंत्र पोटावर सरकत होतं आणि आवाज येईना. माझ्याकडं ना रागवायला बळ उरलं, ना बोली लावायला काही. 'तुझं तू बघ,' एवढंच पुटपुटले. नवऱ्यानं पुढं येऊन माझा हात धरला. मग ठोके ऐकू आले. दिवस भरायच्या आधीच ऑपरेशन करून मुलगी झाली. चिमुकली होती, पण रडली.

ती बाई पुन्हा दिसली नाही. ती कोण होती, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. जे टळावं म्हणून मी हट्ट धरला, तिथंच मला नेलं गेलं आणि माझं लेकरू वाचलं. नवऱ्यावरचा राग पुरता गेलेला नाही, हेही देवीला ठाऊक आहे. आता तिच्यापुढं उभी राहिले की कशाची भीती वाटते तेवढं सांगते. काय करायचं, ते तिनं ठरवावं.