भूछत्राची पुडी

इतकी वर्षं झाली, तरी त्या पुडीची घटना मनातून जात नाही. नोकरी नवी होती. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. अमरावतीला शिकलो, फौजदार झालो आणि तेल्हाऱ्याच्या बाजूच्या एका ठाण्यात रुजू झालो. शिक्षणाने माणसं कळतात, असं तेव्हा मला खरोखरच वाटत होतं.

बाजाराच्या दिवशी एक तरुण शेतकरी धापा टाकत ठाण्यात आला. बाजारात औषधी पूड विकणाऱ्या पुडीवाल्याने माझ्या बापाला जहर दिलं, अशी त्याची फिर्याद होती. पुडी खाल्लेला म्हातारा घरी एकाएकी कोसळला होता. तोंड लालबुंद, छातीत धडधड, ओकाऱ्या. त्याला दवाखान्यात ठेवून हा तसाच आला होता.

पुडीवाला सातपुड्याच्या पायथ्याचा. पावसाळ्यात उगवणारी आणि दिवसाभरात शाईसारखी काळी होऊन गळणारी भूछत्रं तो गळायच्या आत खुडायचा, वाळवून कुटायचा. गुडघेदुखी जाते, ताकद येते, असं सांगून पूड विकायचा. आम्ही बाजारात पोचलो तेव्हा लोकांनी त्याला घेरलं होतं. जरा उशीर झाला असता, तर पंचनामा वेगळाच करावा लागला असता. त्याला अटक केली, पुड्या मोहोरबंद करून तपासणीला पाठवल्या.

पुडीत काय मिसळलंस, हे मी नाना तऱ्हांनी विचारलं. तो एकच सांगत राहिला.

"घरी आमी सारेच खातो, साहेब. सून खाते, मी खातो. तुमाले खाऊन दाखवू?"

त्याने खरंच कनवटीची पुडी काढून तोंडाशी नेली. जमादाराने मनगट धरलं. झडतीत सुटलेली ती पुडी आम्ही गुपचूप मुद्देमालात टाकली.

दुसऱ्या दिवशी जबाब घ्यायला दवाखान्यात गेलो, तर आजारी म्हातारा उठून बसलेला. पण त्याच संध्याकाळी त्याला पुन्हा तसाच झटका आला. आरोपी आमच्या कोठडीत, पूड मुद्देमालात. मग आता जहर देतंय कोण? डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की हे हृदय आणखी एक झटका सोसणार नाही.

जमादाराचा संशय मुलावर गेला. शेत बापाच्या नावावर होतं आणि दवाखान्यात चहाची किटली घेऊन तोच यायचा. मुलाला बसवून विचारलं. तो रडला, आईची शपथ घेतली. पण किटलीचा विषय काढला की जमादाराच्या पट्ट्याकडे बघायचा. काहीतरी लपवतोय हे दिसत होतं. त्याला अटक करायची, असं मी जवळजवळ ठरवलंच होतं.

तेवढ्यात त्याची आई पुढे आली. जमादाराला बाहेर पाठवा म्हणाली. तो गेल्यावर ती पदराचं टोक पिळत जवळ आली.

"त्याईले रोज लागते," ती म्हणाली. "पोरगा किटलीत मोहाची आणते. चहात ताकद कुठची, म्हणून."

"हे आधी काहून नाही सांगितलं, बाई?" माझ्या तोंडून घरचीच बोली निघाली.

"सांगतलं तर पोरगा जेलात जाते. नवरा वाचवू का पोरगा, तुमीच सांगा."

तेव्हा दारूबंदी होती. कायद्याने मला गुन्हा नोंदवायला हवा होता. केस करणार नाही, असा शब्द मी त्या बाईला दिला आणि डॉक्टरांकडे धावलो.

मोहाच्या दारूचं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, दारू सोडवायची एक गोळी असते; तिच्यावर घोटभर घेतली तरी माणसाचं असंच होतं. काही भूछत्रांतही तो गुण असतो, असं त्यांनी वाचलं होतं. पूड थांबवली तरी तिचा असर काही दिवस अंगात राहतो. किटली बंद झाली. म्हातारा हळूहळू सावरला. पुढे अहवालही आला: ज्ञात विष आढळलं नाही.

त्या पुडीने गुडघे खरंच बरे होतात का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, कुणी पारखून पाहिलेलं नाही, मग हो तरी कसं म्हणू आणि नाही तरी कसं? यापेक्षा जास्त आजही मला सांगता येणार नाही. एवढं मात्र कळलं, की पोलिसाशी खोटं बोलणारा प्रत्येक जण मोठाच गुन्हा लपवत असतो असं नाही. पुष्कळदा तो लहानसं काही लपवतो, आणि त्यापायी जीव जायची वेळ येते.

पण विकलेल्या पुड्या गावोगाव पसरल्या होत्या. पुढच्या बाजारात सुटून आलेल्या पुडीवाल्याला घेऊन मी उभा राहिलो. जो दारू घेतो त्याने पुडी परत करावी, पैसे मिळतील, असं तो ओरडून सांगत होता. लोक माझ्याकडे बघत आणि आमच्या घरात दारूला कोणी शिवत नाही म्हणत पुढे जात. शेवटी तो वैतागला.

"साहेब, तुमी जरा तिकडे व्हा. तुमी हाय तोवर सारेच माळकरी हायेत."

मी सरकी-ढेपेच्या दुकानामागे जाऊन उभा राहिलो. परत आलो तेव्हा त्याच्या फडक्यावर पुड्यांचा ढीग पडला होता. कुणाकुणाच्या, ते मी विचारलं नाही.